पडण्यातली ज्येष्ठता

आपल्यातल्याच कुणीतरी साहेबाला सामानात घालून इकडे आणलंय. कुणी ते मला माहीत नाही, आणि विचारलं तरी कुणी कबूल होणार नाही. आयर्लंडमध्ये कंपनीचा डायरेक्टर स्वतःचा कप स्वतः विसळतो, त्याला सगळे नावाने हाक मारतात. आणि त्याच कंपनीत चार मराठी माणसं एका टेबलाशी बसली, की त्यातला एक जण आपोआप ‘सर’ होतो. आपोआप हे म्हणायला. प्रत्यक्षात उरलेले तिघं त्याला करतात.

आमचे सर म्हणजे देशमाने सर. आम्ही चौघं डब्लिनजवळ लिक्सलिपला राहतो आणि चिपच्या कारखान्यांमधली मशिन्स सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. सर, तन्वी, मी आणि निखिल, हा उतरता क्रम. सरांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. इथल्या घरांत दारामागे ओले रेनकोट साठतात, तसे ते साठत जातात आणि वाळत कधीच नाहीत. त्यातले एकाच ट्रिपचे सांगतो.

*

मूळ ट्रिप आल्प्सची होती, मार्च २०२०. तीन दिवस आणि खराखुरा बर्फ. सरांनी त्यासाठी एक फाइल केली होती, ‘स्की ट्रिप, रिव्हिजन तीन’. तिच्यात धोक्यांची यादी होती: पडणे, हरवणे, पासपोर्ट विसरणे, व्हेज जेवण न मिळणे. प्रत्येक धोक्यापुढे ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना होता आणि प्रत्येक रकान्यात निखिलचं नाव होतं.

महामारी यादीत नव्हती.

ट्रिप रद्द झाली त्या संध्याकाळी सरांनी निखिलला फोन केला. “निखिल, हा पॉइंट कसा सुटला?”

निखिल म्हणाला, “सॉरी सर.”

*

दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२१ मध्ये, सरांनी ट्रिप पुन्हा काढली. विमानप्रवासाची कटकट अजून होतीच, म्हणून या वेळी आल्प्सऐवजी डब्लिनच्या दक्षिणेचा एक डोंगर. तिथे बर्फ नाही. उतारावर प्लास्टिकचे ब्रश अंथरलेत, कपडे घासायच्या ब्रशसारखे, आणि घसरता यावं म्हणून त्यांच्यावर पाणी मारतात. शनिवार-रविवार नवशिक्यांचा वर्ग.

मी ग्रुपवर लिहिलं, “सुट्टीच्या दिवशी तरी सर वगैरे नको. सगळे सारखे.” पाठवलं, दोन मिनिटं वाट पाहिली आणि कुणी वाचायच्या आत पुसून टाकलं.

निखिलला पुसायलाही काही नव्हतं. त्याने फक्त “येस सर” लिहिलं. शिक्षण संपल्यावर इथे राहायला मिळालेली त्याची दोन वर्षं जानेवारीत संपत होती. कंपनीने कायम केलं तर नवं परमिट, नाहीतर बॅग भरायची. आणि कायम करायचं की नाही ते सरांच्या शिफारशीवर होतं. त्या शिफारशीच्या मेलला सर गेले दोन महिने “बघू” म्हणत होते.

*

ट्रिपला पाचवं माणूस होतं सरांची आई. फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी विट्याहून आल्या आणि अडकल्या त्या अजून इथेच. त्यांच्या वडिलांची तालीम होती. लहानपण सगळं आखाड्याच्या कडेला गेलेलं. दुपारचं जेवण उरकलं की गप्प बसून लोक निरखायचे, हा त्यांचा इथला उद्योग.

डोंगरावर पोहोचल्यावर कठड्याशी खुर्ची टाकून त्या बसल्या. ब्रशचा उतार पाहिला. आमच्या हातातले स्कीचे जाडजूड सूट पाहिले. मार्च २०२० साठी घेतलेले ते सूट दीड वर्ष कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, पडून होते. ते वापरायचेच, असा सरांचा आदेश होता. आजूबाजूला आयरिश पोरं साध्या हूडीत घसरत होती.

“आगं बाई,” आई तन्वीला म्हणाल्या, “ह्या सतरंजीवर घसराय एवढी कापडं?”

*

कपडे बदलायच्या खोलीत एक लांब बाक होता. आमचा रोजचा दिवस क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत जातो. तिथे आत शिरण्याआधी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालायचा, आणि तो कधीही जमिनीला टेकू द्यायचा नाही. बाकाची एक बाजू घाण, दुसरी स्वच्छ. घाण बाजूला बसायचं, पाय उचलून पलीकडे टाकायचे, मगच बूट.

इथेही तसाच बाक दिसला. सरांनी आधी टोपी घातली. आम्हीही टोप्या घातल्या. मग चौघांनी आपापले सूट कमरेपाशी गुंडाळून उचलून धरले आणि एका पायावर उड्या मारत त्यांच्यात शिरलो. बाकावर ओळीने बसलो, एकदम पाय उचलले, पलीकडे टाकले. हातमोजे बाहीवरून ओढले. मग एकमेकांचे केस आत गेलेत का ते तपासलं.

समोर एक आयरिश गृहस्थ आपल्या मुलीच्या बुटाची क्लिप लावता लावता थांबला होता. त्याने हळूच मला विचारलं, “तुम्ही लोक सर्जन आहात का?”

सर म्हणाले, “नाही. पण कुणाचा सूट जमिनीला टेकला असेल तर आत्ताच सांगा.”

*

शिकवायला ईफा नावाची तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी होती. ती उभी राहिली तेव्हाच आई कठड्यापलीकडून म्हणाल्या, “हिचं पाय कसं रोवल्यात बघ.”

ईफाने हातातल्या फॉर्मवरून नावं वाचली आणि कामाला लागली. पायातल्या स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. एवढं जमलं की थांबता येतं. थोड्या वेळाने तिने ओरडून सांगितलं, “विलास, गुडघे वाकव!”

आम्ही तिघांनी मागे वळून पाहिलं. आमच्या मागे एक अनोळखी माणूस आलाय असं वाटलं.

सरांच्या मेलखाली ‘व्ही. आर. देशमाने’ असतं. तीन वर्षांत त्या व्ही.च्या आत डोकावायची कुणाची हिंमत झाली नव्हती. ईफा मात्र दर मिनिटाला डोकावत होती. विलास, पुढे बघ. विलास, काठी सोड. विलास, मी हे नको म्हणाले होते ना?

चहाच्या वेळी सर निखिलला बाजूला घेऊन म्हणाले, “तिला सांग, मिस्टर देशमाने म्हण.”

निखिल गेला, बोलला, परत आला.

“काय म्हणाली?”

“ग्रँड म्हणाली सर.” ग्रँड म्हणजे इथल्या भाषेत ‘बरं, ठीक आहे’.

पुढच्या फेरीला ईफा ओरडली, “ग्रँड, विलास, गुडघे!”

*

आता पडण्याविषयी. सर पहिल्यांदा पडले ते डावीकडे, सावकाश, झाड पडावं तसे. त्यांच्या मागून निखिल येत होता. तो तोवर एकदाही पडला नव्हता. ईफा दोनदा म्हणाली होती की तू हे आधी केलं आहेस, खोटं बोलू नकोस. सर पडले, निखिलने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोन सेकंदांनी तोही पडला. डावीकडेच.

मग सर जिथे जिथे पडले, तिथे तिथे त्यांच्या दोन हात खाली निखिल पडला. सरांना फार बरं वाटत होतं. “होतं असं, निखिल,” ते आडवे पडून सांगत, “पहिला दिवस आहे.”

मला हे सहन होईना. उतारावर वर ओढून नेणाऱ्या दोरीच्या लिफ्टपाशी मी त्याला गाठलं. “अरे, तू कशाला पडतोस?”

“तुझी नोकरी कायम झालीय,” निखिल म्हणाला. “तू उभा राहा.”

हे बोलणं लागायला नको होतं. पण त्याच्या आधीच्या फेरीला सर पडले तेव्हा मीही पडलो होतो, आणि मला तर जानेवारीत कुठे जायचंही नव्हतं.

तन्वी एकटी शेवटपर्यंत उभी राहिली. “माझं अप्रेजल झालंय,” ती म्हणाली.

*

शनिवारी संध्याकाळी सरांनी मीटिंग घेतली. पडण्याचं मूळ कारण शोधायचं. आमच्या कामात मशीन बंद पडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं अशी पद्धत आहे. निखिल लिहून घेत होता.

सर का पडले? पाय एकमेकांवर आले. का आले? वेग वाढला. का वाढला? पिझ्झा उघडला. का उघडला?

ईफाने सात वेळा सांगितलं होतं आणि सर ऐकत नव्हते, हे चारही जणांना माहीत होतं. सर धरून.

निखिलने लिहिलं, ‘ब्रश ओला होता.’

“पण तो ओलाच ठेवतात,” तन्वी म्हणाली. “घसरावं म्हणून.”

सरांनी विचार केला. “म्हणजे त्यांच्या प्रोसेसमध्येच दोष आहे. नोंद कर.”

*

रविवारी दुपारी आईंना गारठा लागला, म्हणून सर शाल आणायला गाडीपाशी गेले. गाडी लांब होती.

निखिलने एकदा वाटेकडे पाहिलं. मग दोरीच्या लिफ्टला धरून तो नवशिक्यांची खूण ओलांडून थेट वरच्या टोकाला गेला. तिथून खाली आला तो एकदाही न अडखळता, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि कठड्याशी, आईंच्या खुर्चीसमोर, अलगद थांबला. दोन वर्षांत लिक्सलिपमध्ये त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ईफाने टाळ्या वाजवल्या. “वरच्या वर्गात ये,” ती म्हणाली. “आत्ता.”

“नको,” निखिल म्हणाला. “मी इथेच बरा आहे.”

आईंनी त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सर शाल घेऊन आले. वर्गाची शेवटची फेरी होती, सगळ्यांनी एकदम खाली यायचं. अर्ध्या वाटेवर सर पडले. दोन सेकंदांनी निखिल पडला. मी या वेळी पडलो नाही, पण वेग मात्र कमी केला.

सर उठले, सूटवरचं पाणी झटकलं आणि निखिलला हात देऊन उठवत कठड्याशी घेऊन आले. त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता.

“स्कीइंग काही तुला जमायचं नाही, निखिल. खरं सांगतो. पण दोन दिवस बघतोय, पडलास तरी साथ सोडली नाहीस. अशी माणसं टीममध्ये लागतात. उद्या सकाळी एचआरला मेल टाकतो. कायम करा म्हणून.”

निखिलला हातमोजा काढता येईना. “थँक्यू सर,” तो म्हणाला. तन्वी दुसरीकडे बघायला लागली.

आईंनी खांद्यावरची शाल नीट केली आणि मुलाकडे पाहिलं.

“बाळू,” त्या म्हणाल्या, “त्यो कुटं पडतोय? तू पडलास की त्यो खाली बसतोय.”