कांदा चिरायचा मान

रानात चूल पेटली, की मटण शिजेपर्यंत गप्पांशिवाय दुसरं काम नसतं. असे किस्से मग साठतच जातात!

आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र: बापू, सत्तार, दिलीप आणि मी. दर रविवारी लासुर्ण्यात बापूच्या रानात जेवण. मटण सत्तार आणतो, फोडणी बापूची. नियम एकच. ज्याला काही पद, मान मिळेल, त्यानं त्या रविवारी कांदा चिरायचा. खाली मातीत बसून!

बापू सोसायटीचा चेअरमन झाला. मिरवणुकीतून थेट रानात आला. डोक्यावर फेटा, अंगभर गुलाल. म्हणाला, "आंघोळ करून येतो."

सत्तार म्हणाला, "चेअरमनसाहेब, फेटा ऱ्हाऊ द्या, सुरी घ्या!"

त्या दिवशी चटणी कमी पडूनही रश्श्याला रंग झक्कास आला!

पुढं सत्तारनं बारामतीत दुसरं हार्डवेअरचं दुकान टाकलं. कडक इस्त्रीत आला आणि कुरकुरला, "कपडं खराब व्हतील."

"मग काढ की!" बापू म्हणाला.

बिचारा बनियनवर कांदा चिरतोय, तोच त्याच्या बँकेचे मॅनेजर बुके घेऊन हजर! सत्तार जराही लाजला नाही. "या साहेब. बुके तितं ठेवा आन् एवढा लसूण सोला!"

साहेबांनी सोलला, आणि जेवूनच गेले.

मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा "घरी पाहुणे आलेत" म्हणून मी टाळलं. थोड्या वेळात बापू कांद्याचं पोतं घेऊन पाहुण्यांसमोर उभा! "गुर्जी, गृहपाठ ऱ्हायलाय!"

राहिला दिलीप. कळंबला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान. त्याला कधी पद नाही, हार नाही. "आमचा नंबर कवा?" असं तो हसत विचारायचा. पुढं पुढं विचारताना हसेना. आम्हाला फार वाईट वाटायचं.

बापू म्हणाला, "तुला सोसायटीवर घेतो."

"कांद्यासाठी नगं!" दिलीप फटकन बोलला, आणि पुढचे काही रविवार आलाच नाही. त्याच्याशिवाय जेवणात राम नव्हता.

गेल्या रविवारी आला. आल्या आल्या खाली बसला, सुरी घेतली आणि कांदा चिरायला लागला.

"आरं, काय झालं? काय मिळालं?" मी विचारलं.

"कायबी न्हाय." त्यानं मान वर केली नाही. "सकाळी च्या पिताना बायको म्हनली, तुमच्यासंगं लगीन झालं, लई बरं झालं."

मग बापूनं कांद्याची अख्खी पाटी त्याच्यापुढं सरकवली.

"आमाला अजून कुनी असं म्हनलं न्हाय. सगळा कांदा तूच चिर!"