पितळेचे सहा स्क्रू

दुपारी तीनला डोळा लागतो. प्रयोगशाळेतल्या खुर्चीत, अंगावर पांचाळकाकांचा खाकी एप्रन ओढलेला. काका विद्यापीठाच्या वर्कशॉपमधले मिस्त्री. आम्ही तिथून बाहेर पडून क्वांटम संगणकाची कंपनी काढली, तेव्हा लेथ सोडून आमच्यासोबत आले. आठ महिन्यांपूर्वी गेले.

समोर आमचं शीतयंत्र जात्यासारखं घरघरतंय. चिप चालायला हवी तेवढी थंडी तळाशी पोचतच नाही. कंपनीतला माझा भागीदार निनाद म्हणतो, काकांनी घडवलेली शेवटची तांब्याची चकती सदोष आहे, भंगारात काढू. संध्याकाळपर्यंत मला हो की नाही ते सांगायचंय.

घरघर विरते. लेथ फिरू लागतो.

"डॉक्टरीणबाई, झोपा काढायला पीएचडी केलीत?"

काका लेथपाशी उभे आहेत. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानं बांधलेली.

"काका, तुम्ही तर..."

"गेलो. म्हणून येऊ नये?" तांब्याचा कीस त्यांच्या बोटांवरून केशरासारखा ओघळतो. "चला, खाली बघून येऊ."

वर्कशॉपला तळघर कधीच नव्हतं. आता जिना आहे. प्रत्येक वळणावर सोन्याचा मुलामा दिलेली एक चकती, ओट्याएवढी, आणि दर ओट्याला थंडी वाढत जाते. तिसऱ्यावर काकांची सायकल टेकवलेली, घंटीवर दव गोठलंय. काका अनवाणी उतरतात, त्यांच्या आईच्या ओवीच्या चालीत गुणगुणतात:

थंडीच्या गं गावा, तांबं चाललं एकलं
पितळीच्या बहिणीनं, हात धरून राखलं

शेवटचा ओटा पायाखाली डुगडुगतो.

"ही माझी चकती." ते गुडघ्यावर बसून कडेनं बोट फिरवतात. "स्क्रू कोणी बदलले?"

ते गेल्यावर त्यांचे काळपटलेले पितळी स्क्रू काढून मीच चकचकीत स्टीलचे बसवले. जुने कुठे टाकले, तेही आठवत नाही.

"स्टील मजबूत असतं ना, काका."

"असेल. पण गारठल्यावर तांबं आखडतं, पितळ त्याहून जास्त. म्हणून ते तांब्याला घट्ट धरून ठेवतं. स्टील तेवढं आखडत नाही, सैल पडतं. मग थंडी खाली पोचणार कशी?"

"मी शिकले होते हे. परीक्षेत लिहिलंही होतं."

"कागद कुठे गारठतो?"

"रागावलात?"

"छे. भंगार म्हणालात, ते जरा लागलं."

ते माझी मूठ आपल्या हातात घेतात. एवढ्या गारठ्यात तो हात उबदार आहे.

पंपाची घरघर परत येते. निनाद खुर्चीशी उभा आहे. "मग? नवीन चकती मागवू?"

"नको. यंत्र गरम करायला घे, उघडून स्क्रू बदलायचेत. दोन दिवस जातील, जाऊ देत. चकती बरोबर आहे, चूक माझी आहे."

"हे झोपेत कळलं का तुला?"

माझा हात एप्रनच्या खिशात आहे, मूठ आवळलेली. बाहेर काढून उघडते. काळपटलेला पितळी स्क्रू, उबेला आलेला. तळव्यावर त्याचे आटे उमटलेत.

खिशात आणखी पाच आहेत.