हाडांपुढं बसलेला माणूस

आमच्या गावात गहू पेरून झाला की माणसं जमीन उकरायला लागतात. खाली जुनी हाडं सापडतात. आजोबांच्या काळी त्यांवरच्या रेघोट्या खरवडून ती औषधवाल्याला कुटून पूड करायला विकायचे, कारण रेघोट्या दिसल्या की तो नाक मुरडायचा. आता त्या रेघोट्या म्हणजे जुनी अक्षरं निघाली, आणि शहरातले व्यापारी रेघोट्यांसाठीच जीव टाकतात. थोर आमचे पूर्वज!

हो घराण्यातला देगुई माझा शेजारी. तोंडानं फटकळ, मनानं साधा. त्याचा एकुलता एक पोरगा श्वांगशी थंडीत हाडं काढायला खड्ड्यात उतरला, तळाशी आडवं भुयार पोखरत गेला, आणि नदीकाठची भुसभुशीत माती त्याच्यावर बसली.

जिवंत सापडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. देगुईला फक्त देह हवा होता, घराण्याच्या थडग्यांशेजारी पुरायला. आम्ही खणत होतो. मध्येच फावड्याला हाडं लागली, जुनी, रेघोट्यांची. श्वांगशीबरोबर हाडं काढणारे भागीदार लगेच खाली वाकले.

"काका, एवढी पाटी भरून वर देतो, मग खणूच."

"तुमच्या पाटीत माझं पोरगं बसतंय का रे?" देगुई म्हणाला.

पाटी भरेपर्यंत माती पुन्हा ढासळली, खालून पाणी लागलं. शेतमालकाला कापूस लावायचा होता. त्यानं श्वांगशीसकट खड्डा बुजवून टाकला. भागीदारांनी मात्र इमानदारी दाखवली. श्वांगशीच्या वाट्याचं हाड देगुईच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. मला तर त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

वसंतात रीतीप्रमाणे सगळं गाव आपापल्या पूर्वजांची थडगी झाडायला गेलं. देगुई अंगणातच बसून राहिला. त्याच सुमारास मंग आडनावाचे एक गुरुजी हाडांवरच्या रेघोट्या कागदावर उतरवून घ्यायला आले. देगुईनं ते हाड पुढं केलं.

"यात काय लिवलंय?"

गुरुजींनी एका खुणेवर बोट ठेवलं. "ही उरलेली हाडं. आणि हा त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसलेला माणूस. म्हणजे मरण."

"आता बी असंच लिवतात?"

"शब्द तोच. पण काशाची भांडी ओतताना त्यांवरच्या रेघा जाड झाल्या, पुढं कुंचल्यानं सरळ झाल्या. आता त्यातला माणूस ओळखू येत नाही."

देगुईनं त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"ह्याला हाडं तरी गावली, गुरुजी," तो म्हणाला. "माझं लिवायचं तर नुसता माणूस काढा."