खाचेतला मुनगा

दिवाळीच्या सुटीत कॉलेज रिकामं झालं आणि मोठ्या कॉम्प्युटरच्या, आमच्या भाषेत मशिनच्या, खोलीत मी एकटा उरलो. कॉलेजात संशोधन करणाऱ्या मॅडमचं मोठं गणित त्यावर दिवसरात्र चालू होतं. लाइट गेली की मशिन बॅटरीवर थोडा वेळ तग धरायचं, तेवढ्यात खाली पळत जाऊन जनरेटर लावायचा. त्याला माणूस हवा, तो मी. खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन, आत एसीमुळे अंगात स्वेटर.

घरी जायचं, यवतमाळचं तिकीट रद्द केलं होतं. कुणी जबरदस्ती केली नाही. "जमेल का हो तुम्हाला?" मॅडमनी विचारलं आणि मी म्हणालो, "जमेल की." आठवीत शाळा सुटलेला माणूस. हडपसरच्या कंपनीतून काढलं तेव्हा याच बाईंनी मला इथे लावून घेतलं, राहायला मागची खोली मिळवून दिली. त्यांना नाही म्हणायला जीभ कुठून आणू?

झाडपाल्यात रक्तदाबावर काही सापडतं का, ते मॅडम कॉम्प्युटरवर शोधायच्या. मला त्यांनी सोपं करून सांगितलं होतं. शरीरात नसा आवळायला लावणारं एक प्रथिन असतं, त्याला खाच असते. पानातला एखादा कण त्या खाचेत घट्ट बसला, तर आवळणं कमी होऊ शकतं. शेवग्याच्या पानातला एक कण छान बसला होता. "पण हे थांबलेलं चित्र झालं. शरीरातल्यासारखं पाण्यात सगळं हलायला लागल्यावर तो टिकतो का, ते आता बघायचं."

शेवगा म्हणजे आमच्याकडचा मुनगा. मला भारीच वाटलं. त्या रंगीत चित्राचा फोटो मी मायला पाठवून दिला, बीपीच्या औषधासाठी आपला मुनगा कुठं पोचला बघ म्हणून.

भाऊबीजेला दुपारी बहिणीचा फोन. "दादा, मायनं बीपीची गोळी बंद केली. मुनग्याचा काढा पिऊन रायली. आता डोकं धरून बसली हाये."

मायला फोनवर घेतलं. "गोळी काहून सोडली?"

"तुह्याच मशिनीनं तं सांगतलं! फोटो नाही का धाडला तू? साऱ्या आळीले दाखवला म्या."

"माय, ते नुसतं चित्र हाये. औषध नाही."

"मंग दिवाळीले तिथं कायले बसला? चित्राची राखण करते का कोणी?"

आत्ता गाडी धरली तरी पोचायला सकाळ होणार, आणि इकडे लाइट गेली तर? दारापर्यंत जायचो, परत यायचो. शेवटी मॅडमना फोन लावला. मलाही फोनवर जोडून घेऊन त्या लगेच मायशी बोलल्या. "अहो आई, हे काम माझं आहे. पान खाऊन गोळी सोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आधी गोळी घ्या."

"हाव बाई, घेतो," माय म्हणाली. फोन ठेवला आणि, बहीण सांगत होती, गोळी न घेताच काढा पुन्हा चुलीवर चढवला.

संध्याकाळी मॅडम माझ्यासाठी फराळाचा डबा घेऊन आल्या आणि गणित कुठवर आलं ते उघडून बघायला बसल्या. मीही मागे उभा. मुनग्याचा कण खाचेत होता. मग थरथरायला लागला, एका बाजूने उचलला गेला आणि हळूहळू बाहेर, भोवतीच्या पाण्यात निघून गेला. मॅडमनी ते पुन्हा पुन्हा बघितलं.

"गेला," त्या म्हणाल्या. किती महिने त्या याच्यावर आस लावून होत्या, मला माहीत होतं.

"मॅडम, हे मायला दाखवू?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "दाखवा. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर धरला. "हा पाह आपला मुनगा. आता पाह. सुटला."

माय डोळे बारीक करून बघत राहिली. "कुठं चालला थो?"

"पाण्यात. थांबलाच नाही."

"मशिनच म्हणते हे?"

"मशिनच म्हणते."

"मंग आधी नाही सांगता आलं तिले?" माय वैतागली. बहिणीने गोळी पुढे केली. मायनं तोंड वाकडं करून ती गिळली, वर तांब्याभर पाणी प्यायली.

मी फोन खाली घेतला. तोंडावरचं हसू मॅडमना दिसू नये म्हणून मी भिंतीकडे वळलो. त्यांनी आणलेला डबा टेबलावर तसाच बंद होता.

"वेगळ्या तऱ्हेने बसवून पुन्हा लावावं लागेल," त्या मागून म्हणाल्या. "आजपासूनच. बसाल का हो?"

फोन हातात चालूच होता.

"बसतो की," मी म्हणालो.

मायनं ते ऐकलं. तिनं फोन बहिणीच्या हातात दिला.