साळूबाईच्या हातातलं जनावर

हिर्डोशीच्या साळूबाईला दिसत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने तिच्या गोठ्यात एक दिवस राबून पाहावं. सहाव्या वर्षी तिला देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. लग्न जमलं नाही. ती भावाच्या घरी राहिली, आणि भाऊ गेल्यावर भाच्याच्या, चिमाजीच्या. पण फुकटचं बसून कधी खाल्लं नाही. दोन म्हशी, बैलजोडी आणि शेळ्या, सगळं तिच्या अंगावर. शेण, धार, वैरण, अडलेली शेळी सोडवणं, काही म्हणजे काही कुणाला बघावं लागत नसे.

साठ वर्षांच्या त्या अंधारात तिने जगातल्या जिवांची आपली वाटणी करून ठेवली होती. केसाचं, पिसाचं, खवल्याचं, ओल्या कातडीचं आणि बिनहाडाचं. हात लावला की तिला घराणं कळायचं. एकदा आढ्यावरून वटवाघूळ पडलं. जमलेली मंडळी म्हणाली, पाखरू आहे. साळूबाईने त्याचे पंख उलगडून चाचपले आणि म्हणाली, "पंख असलं म्हनून काय झालं? पीस कुठं हाय? अंगावर केस हायती, छातीला आचळं हायती. ही शेळीची भावकी." मंडळी महिनाभर हसली. पुढे चिमाजीच्या पोरीने, वैष्णवीने, शाळेच्या पुस्तकातून तेच मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा हसणाऱ्यांना नेमकी शेतातली कामं आठवली.

गेल्या श्रावणात मात्र गोठ्यात घोणस निघाली, आत्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. चिमाजीने ती काठीने बाहेर काढली आणि आत्याकडे वळला. "आत्ये, आता बास. उद्यापास्नं गोठ्यात पाय ठिवायचा न्हाई. तुजं वय झालं. बसून खा."

बोलला तो मायेपोटीच. पण साळूबाई त्या दिवशी जेवली नाही. गोठा गेला तर या घरात आपण कोण, हे तिला कळेना.

चार दिवस तिने कळ काढली. पाचव्या दिवशी, रविवारी, गोठ्याची मोरी तुंबल्याचा वास आला आणि ती उठलीच. चिमाजी खाचरात होता, त्याची बायको रत्ना चुलीपाशी. साळूबाईने मोरीचा दगड सरकवला, गाळात हात घातला आणि बाहेर काढला, तर मुठीत दीड वीत लांब, काळसर काहीतरी वळवळत होतं.

रत्ना दारातून किंचाळली. "आत्याबाई, टाका ते! साप हाय!"

चिमाजी बांधावरून फावडं घेऊन धावत आला. "टाक, आत्ये! म्या मारतो."

"थांब," साळूबाई म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "थांब रं बाबा, हे काय येगळंच हाय." तिने अंगठा हळूच त्याच्या पाठीवरून फिरवला. "साप कोरडा लागतो, त्याचं खवलं बोटाला कळत्यात. हे ओलंचिंब हाय. गांडूळ म्हनावं, तर गांडूळ दाबलं की दबतंय. ह्याला आत कना हाय. तोंडाला जबडा हाय." ती थांबली. मग पुटपुटली, "कातडी बेडकाची हाय रं. बेडूक हाय ह्यो. पाय नसलेला."

"येड लागलं तुला!" चिमाजी ओरडला, पण फावडं वरच राहिलं.

भोरला अकरावी सायन्सला असलेली वैष्णवी सुट्टीला घरी आली होती. ती मोबाईल घेऊन आली, वाकली आणि तशीच खाली बसली. "बाबा, फावडं ठिवा. आज्जीचं खरं हाय. देवगांडूळ म्हनत्यात ह्याला. नाव गांडुळाचं, रूप सापाचं आन् जात बेडकाची. आमच्या बाईंनी फळ्यावर काढलं व्हतं. म्या पयल्यांदा खरं बघतीया. मानसाला काय करत न्हाई ते."

साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हसतही होती. "पाय न्हाईत, डोळं कुठं लागत न्हाईत, मातीतच जलम. आन् तरी देवानं घरातनं काढला न्हाई ह्याला. बेडकाचा तो बेडकाचाच ठिवला."

चिमाजीने फावडं भिंतीला टेकवलं. मग शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "मला बी हात लावू दे."

तिने त्याचं मनगट धरून बोटं त्या जिवावर टेकवली. तो बराच वेळ चाचपत राहिला. "मला काय उमगंना, आत्ये."

"डोळं मिट."

त्याने मिटले. वैष्णवीने मोबाईल खाली घेतला. "व्हय की," तो हळूच म्हणाला. "ओलं हाय. आन् आत बारीक कना हाय."

साळूबाईने त्या जिवाला दगडाखालच्या ओल्या मातीत सोडलं. चिमाजी उठला, फावडं खांद्यावर टाकून खाचराकडे निघाला आणि दोन पावलांवर थांबला.

"मोरी अर्धीच झालीया, आत्ये," तो म्हणाला. "तुजी तूच पुरी कर. मला न्हाई जमायचं."