तोफेच्या बोटीवरचा आगवाला

माझे सासरे तरुणपणी इंग्रजांच्या तोफेच्या बोटीवर आगवाला होते. म्हणजे तळाशी उभं राहून भट्टीत कोळसा घालायचा. साठच्या दशकात लग्न करून मी रत्नागिरीकडून दुबईला आले आणि आल्या दिवसापासून ती बोट ऐकत राहिले. नवी होती तेव्हा चीनच्या समुद्रात, मग मस्कत, मग हा किनारा. चोरट्या बंदुका नेणारी गलबतं पकडायची. पुढे एक मोठी तोफ, वर पिवळं धुराडं. शेवटी ती मुंबईत भंगारात गेली.

"बोट सुटली, आपण अडकलो," मी नवऱ्याला म्हणायची.

खाडीजवळ झावळ्यांच्या घरात आम्ही भाड्याने राहत होतो. घरमालक म्हातारा अरब, आम्ही त्याला अरबाब म्हणजे मालक म्हणायचो; हिंदुस्तानी चांगलं बोलायचा. शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे कॉफी प्यायला यायचा. मला सातवा महिना होता आणि दुसरीकडे खोली मिळत नव्हती.

एका शुक्रवारी बावांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याच्यापुढे बोटीची गोष्ट काढली. याच किनाऱ्यावरच्या एका वाडीवर तोफ डागली होती, तेही सांगितलं. मालकाने भरलेला पेला खाली ठेवला. मला वाटलं, कॉफी बिघडली. नवऱ्याचा चेहरा मात्र उतरला. अरब पाहुण्याला काही मागायचं असलं की तो पेला असा ठेवतो आणि मिळेपर्यंत पीत नाही.

"अरबाब, काय हवं?" नवऱ्याने विचारलं.

"हा त्या दिवशी बोटीवर होता का, तेवढं खरं सांगा."

"छे! म्हातारा आहे, काहीही बरळतो."

"तू गप. त्याला बोलू दे."

बावा म्हणाले, "होतो. खाली, भट्टीपाशी. दिसलं काही नाही. आवाज झाला, कोळशाची धूळ अंगावर पडली. संध्याकाळी आम्हाला मटण दिलं."

"माझी आई विहिरीवर होती," मालक म्हणाला.

मग त्याने पेला उचलला, गार कॉफी एका घोटात संपवली आणि 'पुरे' म्हणून करतात तसा पेला हलवून माझ्या हातात दिला. मला वाटलं, मिटलं.

"मागितलं ते मिळालं," तो उठत म्हणाला. "आता घर रिकामं करा. खलास."

नवऱ्याने माझ्या पोटाकडे हात केला. मालकाने पाहिलंही नाही.

शारजाला जायला सामान बांधताना नवरा बापावर चिडला. "नव्हतो म्हणाला असतात तर काय जात होतं तुमचं?"

"त्याची कॉफी तशीच राहिली असती," बावा म्हणाले.

मला अजून वाटतं, राहू द्यायची होती.