इर्मा क्वालेचा फुसका बार

कार्व्हर कूली गावात इर्मा क्वालेने भरलेलं काडतूस डोळे झाकून पिस्तुलात घालावं, असं बायका म्हणत. या बायकांचा नेमबाजीचा कंपू होता. शनिवारी त्या गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत जमत, उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून इर्माच्या हवाली करत, आणि ती त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवून परत देई. इर्मा स्वतः मात्र डोळे झाकून कशावरच विश्वास ठेवत नसे. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला होता. ब्रेक ठीक आहेत असं ड्रायव्हरने सांगितलं, की ती मुद्दाम गाडीखाली शिरायची. नवरा डेल्मार म्हणायचा, "मी मेलो तरी ही आधी नाडी बघेल, मग रडेल." आणि तसंच झालं.

डेल्मार गेल्यावर त्याचं काडतुसं भरायचं यंत्र तिने आपल्या हाती घेतलं. गॅरेजमधल्या जाड लाकडी बाकाला ते बोल्टने आवळलेलं होतं. दांडा खाली ओढला की दट्ट्या पुंगळ्यांची तबकडी वरच्या साच्यांपर्यंत उचलायचा. एका पुंगळीतली जळकी टोपी निघे, दुसरीत दारू पडे, तिसरीवर गोळी बसे, चौथीचं तोंड आवळलं जाई. दांडा मागे नेऊन दाबला की नवी टोपी आत बसे, तबकडी एक घर पुढे सरके. सगळी कामं एका दमात, म्हणून एक काम चुकलं तर इतरांच्या गडबडीत ते दिसतही नसे.

त्या वसंतात यूनिसच्या रिव्हॉल्व्हरमधून बार निघाला तो फुस्स. यूनिस म्हणजे इर्माची शाळेपासूनची मैत्रीण, जिल्ह्याच्या जत्रेत बटाट्याच्या लेफ्सा पोळ्यांचं बक्षीस दरवर्षी घेऊन जाणारी. ती पुन्हा घोडा ओढणार, एवढ्यात शेजारची बाई किंचाळली, "थांब! खाली ठेव ते!"

नळीत गज घालून पाहिलं, तर गोळी मधेच अडकून बसलेली. मागून दुसरी सुटली असती, तर नळी फाटून यूनिसचा हात गेला असता.

"चालायचंच गं," यूनिस म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय चालायचंच?" इर्मा म्हणाली. "माझी सगळी काडतुसं परत द्या. सगळ्यांनी. आत्ता."

घरी येऊन इर्माने एकेक काडतूस फोडलं आणि दारू तराजूवर घातली. बहुतेक बरोबर होती. पण मधूनच एखाद्यात कमी, एकात तर नखभर. तिच्या मनात पहिलं नाव आलं ते ऑर्डेलचं.

ऑर्डेल हा तिचा धाकटा दीर. घटस्फोटानंतर शरद ऋतूत तो गॅरेजवरच्या खोलीत राहायला आला होता, तो गेलाच नव्हता. माणूस गरीब, पण हात स्वस्थ नसायचे. तिचा टोस्टर त्याने न विचारता उघडला होता. यंत्राकडे तर तो असा बघायचा, जसा कुत्रा दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो.

"गॅरेजमध्ये शिरला होतास?" तिने कॉफी ओतता ओतता विचारलं.

"माझा जिना गॅरेजमधूनच वर जातो, इर्मा. उडत जाऊ का?"

"यंत्राला हात लावलास?"

"हे बघ, यूनिसला काय झालं ते मी ऐकलं. पण माझ्याकडे बघून कॉफी सांडू नकोस."

त्याने सरळ नाही म्हटलं नाही, हे इर्माने मनात नोंदवलं.

तिने यंत्र खोललं. दट्ट्या पुसला, टोप्यांच्या वाटेतला काळा कचरा काढला. मापाची सळई साच्यातून तबकडीच्या भोकात उतरवून प्रत्येक घर त्याच्या साच्याखाली नेमकं येतं का ते बघितलं. केसभर फरक होता, तो बोल्ट सैल करून काढला आणि पुन्हा आवळला. तबकडी फार घट्ट असेल तर हिसका बसून दारू सांडते, सैल असेल तर पुंगळी डुलते. ती हवी तशी फिरू लागेपर्यंत तिने जागा सोडली नाही. मग प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी साच्यावर. कुणी नट फिरवला तर रेघ तुटणार. नेलपॉलिश यूनिसकडून आणलं होतं.

"तू नखं रंगवणार?" यूनिसने डोळे मोठे केले होते.

"चोर रंगेहाथ पकडणार."

चार दिवसांनी तिने थोडी काडतुसं भरून फोडली. पुन्हा दोन कमी! रेघा पाहिल्या, तर सगळ्या अखंड. ती चक्रावली. मग वाकून बॅटरी मारली आणि तिला दिसलं: दट्ट्यावर ताजं ग्रीस. तिने लावलेलं ते नव्हतं. तिचं राखी असायचं, हे पिवळसर होतं.

ऑर्डेल अंगणात हरणाच्या मांसाचे सॉसेज भाजत होता. ग्रीस लागलेलं बोट तिने त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

त्याने चिमटा खाली ठेवला. "ग्रीस."

"टोपीला तेल लागलं तर ती मरते, ठाऊक आहे ना? यूनिसचा हात गेला असता!"

"टोप्यांच्या जवळपासही गेलो नाही मी. फक्त दट्ट्याला लावलं आणि पुसून घेतलं. आणि तुझ्या त्या काडतुसांत दारू कमी होती, टोपी मेलेली नव्हती. तूच तर फोडून पाहिलीस."

हे खरं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. "मग लावलंस कशाला?"

ऑर्डेलने चिमटा उचलून एक सॉसेज उलटवलं. "तुझ्या खांद्यासाठी. हिवाळ्यापासून बघतोय मी जिन्यावरून जाताना. दांडा शेवटपर्यंत ओढत नाहीस तू. खाली पोचायच्या आधीच सोडतेस, तोंड वाकडं करून. म्हटलं, यंत्र हलकं झालं तर तुला जरा सोपं जाईल."

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तुला? तुझा हात दुखतो असं तुला सांगायचं? डेल्मारने तरी कधी सांगितलं असतं का?"

"चल," ती म्हणाली. "सिद्ध कर."

सॉसेज जळत ठेवून दोघं आत गेली. आधी त्याने दांडा ओढला आणि ती तराजूपाशी बसली. प्रत्येक पुंगळीत माप भरून दारू. तिने काटा पुन्हा शून्यावर आणला, वजनं तपासली, तराजूची जागाही बदलून बघितली. मग ती स्वतः दांड्याला लागली. मुद्दाम नीट ओढत होती. पहिल्या काही बरोबर आल्या. मग खांद्यात कळ आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत दांडा तळाला गेला तरच पूर्ण दारू सोडणारी मापाची पट्टी शेवटपर्यंत न जाता अर्ध्यावरून मागे फिरली. आपण पूर्ण ओढलं, असंच तिच्या हाताला वाटत होतं. तिने आयुष्यात प्रत्येकाच्या कामावर संशय घेतला होता. या एका हातावर मात्र कधीच नाही.

ती बाकावर बसून राहिली.

डॉक्टरने खांद्यातला स्नायू फाटल्याचं सांगितलं. इर्माने दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही दाखवलं. त्यानेही तेच सांगितलं.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिने यूनिसला गाठलं. "यंत्राचा दोष नव्हता. माझा होता. मी कमी ओढत होते."

यूनिसने तिच्या बशीत लेफ्साची घडी ठेवली. "आणि मी मात्र गेला महिनाभर ऑर्डेलकडे बघून नाक मुरडत होते, तुझं ऐकून! आता त्याला काय तोंड दाखवू?"

"लेफ्सा नेऊन दे. तो खातो काहीही."

आता दांडा ऑर्डेल ओढतो. इर्मा शेजारी उंच स्टुलावर बसून प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावते आणि "खाली, पूर्ण खाली, झोपलास का?" असं ओरडते. मधूनच एखादं काडतूस उचलून फोडते, दारू तराजूवर घालते. परवा तो वैतागून म्हणाला, "अजून विश्वास नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "ओढ."

आणि त्याने हसत दांडा तळापर्यंत ओढला.